हात न लागलेली भिंत

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी बेल वाजली. दारात घराचं मूल्यांकन करायला आलेली व्हॅल्युअर उभी होती. याच बाईला त्याने परीक्षेत दोनदा नापास केलेलं होतं.

चेहरा त्याच्या लक्षात राहिलेला नव्हता. त्याने तिला ओळखलं ते तिच्या मानेवरून. आत पाऊल टाकण्याआधी तिने मान वर केली आणि चौकटीचा वरचा कोपरा पाहिला. दार एका बाजूला घासतंय का, चौकट काटकोनात आहे का, म्हणजे घर कुठे खचलंय का, हे उंबऱ्याच्या बाहेरूनच बघून घ्यायचं. एकदा आत गेलं की यजमान बोलायला लागतो, पाणी देतो, बसा म्हणतो, आणि मग चौकट बघायची राहून जाते. तो हे परवान्याच्या वर्गात सांगत असे. समोरच्या बाईने ते पक्कं पाठ केलेलं दिसत होतं. मग तिने ओळखपत्र काढून त्याच्यापुढे धरलं, नियमाप्रमाणे, छातीच्या उंचीवर, वाचता येईल इतका वेळ. त्याने ते नियमाप्रमाणे वाचलं. परवाना चालू होता. "या," तो म्हणाला. "नमस्कार सर," ती म्हणाली, आणि त्या 'सर'मध्ये ओळख होती की नुसती रीत, ते काही त्याला कळलं नाही.

परवाना देणाऱ्या मंडळावर तो बरीच वर्षं परीक्षक होता. लेखी परीक्षा कुणीही पास होतो, असं त्याचं मत होतं. खरी परीक्षा प्रात्यक्षिकाची. त्यासाठी तो उमेदवाराला एखाद्या घरात घेऊन जाई. त्या घरात एक खोट असे, ती त्याला आधीपासून ठाऊक असे, आणि ती सहजासहजी दिसणार नाही अशी तो खात्री करून घेई. पडद्यामागची ओल, सतरंजीखाली पोकळ वाजणारी फरशी, असं काहीतरी. उमेदवार घर बघत फिरे आणि तो हात मागे बांधून एका कोपऱ्यात उभा राही. परीक्षकाने काही सुचवायचं नाही हा नियम होता. त्याने तो इतका वाढवला होता की भुवई हलवायची नाही, खोकायचं नाही, ज्या भिंतीत खोट आहे तिच्याकडे बघायचं नाही आणि मुद्दाम दुसरीकडेही बघायचं नाही. शेवटी जिना उतरताना एकच प्रश्न: "हात लावला?" उमेदवार हो म्हणाला तर कुठे, विचारायचं. त्यावरून मंडळाच्या कार्यालयात, चहाच्या टेबलापाशी, पोरांनी त्याचं नाव हातलावे ठेवलं होतं. "आज हातलावे आहेत रे, गेलो आपण बाराच्या भावात," असं कुणीतरी म्हणालेलं त्याने एकदा स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. त्याला वाईट वाटलं नव्हतं. उलट आडनाव बरं आहे, कामाला शोभतं, असं वाटलं होतं.

दोन्ही वेळा ती त्याच प्रश्नावर अडकली होती. पहिल्यांदा तिने भिंत पाहिली होती पण हात लावला नव्हता. दुसऱ्यांदा हात लावला होता, पण पडदा बाजूला न करता. तिसऱ्यांदा दुसरा परीक्षक होता आणि ती सुटली.

घराचं मूल्यांकन निघालं ते बहिणीमुळे. वडील गेल्यावर घर दोघांच्या नावावर आलं. तो त्यात एकटाच राहत होता, लग्न केलं नव्हतं, आणि मागची खोली महिनोन्‌महिने उघडली जात नव्हती. बहीण शाळेतून निवृत्त झाली, तिचे यजमान जाऊन बरेच दिवस झाले होते, मुलगी लांब. तिला परत इथे यायचं होतं, आणि त्याला ऑफिसजवळ एखादी लहान जागा पुरे होती. तिने त्याचा हिस्सा विकत घ्यायचा, एवढं साधं होतं. "मग तूच सांग ना आकडा," बहीण म्हणाली होती. "जगाला सांगत फिरतोस. तुझ्यावर नाही विश्वास ठेवायचा तर कुणावर?" ज्या मालमत्तेत आपला हितसंबंध आहे तिचं मूल्यांकन आपण करायचं नाही, हे त्याने तिला समजावलं. आचारसंहितेचं पहिलंच कलम. "अरे पण मी बाहेरची आहे का?" "तू बाहेरची नाहीस म्हणूनच." "लहानपणीसुद्धा असाच होतास," बहीण म्हणाली. "लपंडावात राज्य माझ्यावर आलं की शंभरपर्यंत नीट मोजलेस का म्हणून आधी चौकशी. मी तुला शोधून काढलं तरी चौकशी संपायची नाही. बोलाव बाबा तुझा बाहेरचा माणूस." त्याने मंडळाला कळवलं. यादीत जिची पाळी होती ती आली. यात कुठेही बोट ठेवायला जागा नव्हती, आणि त्याला त्याचं एक बारीकसं समाधान होतं.

तिने बाहेरच्या खोलीपासून सुरुवात केली. लेसरचं यंत्र भिंतीला टेकवायची, आकडा वाचायची, मग विश्वास नसल्यासारखी टेपनेही मोजायची. खिडक्या उघडून बंद करून पाहिल्या. मोरीत पाणी सोडून ते कुठे रेंगाळतं ते बघत उभी राहिली. आणि प्रत्येक भिंतीला हात लावत गेली. तळवा पूर्ण टेकवून, क्षणभर थांबून, जसा आजारी माणसाच्या कपाळाला लावतात तसा. तो मागे होता. आपण मागे हात बांधून चालतोय हे स्वयंपाकघरात त्याच्या लक्षात आलं. त्याने हात सोडले. थोड्या वेळाने ते परत बांधले गेले होते. तिचं काम चांगलं होतं. तो मनातल्या मनात गुण देत होता हेही त्याच्या लक्षात आलं, आणि ते थांबवायचं कसं हे त्याला सुचलं नाही. आपलंच घर, आपलीच ओट्यावरची कालची कपबशी, आणि आपण कुणा तिसऱ्याच्या घरात उभे असल्यासारखे. माणूस आपल्या घरात मालक म्हणून कसा उभा राहतो? काहीतरी बोलतो बहुतेक. इथे ऊन छान येतं म्हणतो. शेजार चांगला आहे म्हणतो. अशा मालकांची बडबड त्याने आयुष्यभर कानाआड केली होती, आणि आता त्यातलं एक वाक्यही त्याला आठवेना.

मागच्या खोलीत आईचं कपाट होतं. शिसवी, दोन दारांचं, वर कोरीव पट्टी, जवळजवळ छताला भिडलेलं. बाहेरच्या कोपऱ्यातला खांब त्याच्या मागे पूर्ण झाकला जात होता. शेजारच्या भिंतीवर त्याचा पहिला परवाना चौकटीत टांगलेला होता. काचेखाली शाई फिकी झाली होती. मूल्यमापक बाईने आधी परवाना वाचला, सगळा, अगदी खालची सही सुद्धा. मग तिने तीन भिंतींना हात लावला आणि कपाटापाशी आली. बॅटरी काढून कपाटाच्या वर प्रकाश टाकला. प्रकाश कोपऱ्यात गेला, तिथे थांबला, मग छतावरून सरकत खिडकीपाशी आला. तो किती वेळ थांबला ते त्याला नंतर कितीही आठवून ठरवता आलं नाही.

"कपाट हलतं का, सर?"

"बघा," तो म्हणाला.

तिने एक हात लावून रेटलं. मग खांदा लावून रेटलं. कपाट हललं नाही.

"जड आहे."

त्याचे हात मागे बांधलेलेच होते.

"मागच्या भिंतीबद्दल काही सांगण्यासारखं आहे का? गळती, दुरुस्ती वगैरे?"

हा प्रश्न मालकाला विचारायचा असतो. तोही त्यानेच शिकवलेला होता. आणि त्या क्षणी त्याच्या भुवया जागच्या जागी राहिल्या, नजर कपाटाकडे गेली नाही आणि मुद्दाम खिडकीकडेही गेली नाही. "तुम्ही बघताय ना," तो म्हणाला. इतक्या वर्षांत इतक्या घरांत इतक्या घाबरलेल्या चेहऱ्यांना दिलेलं उत्तर. ते तोंडातून आपोआप बाहेर पडलं, जिना उतरताना पाय आपोआप पुढची पायरी शोधतो तसं. तिने त्याच्याकडे पाहिलं. तिच्याही चेहऱ्यावर काही नव्हतं. मग ती "बरं," म्हणाली, बॅटरी बॅगेत टाकली, चहा नको म्हणाली आणि गेली. ती जिन्याच्या वळणावर दिसेनाशी झाल्यावर त्याच्या ध्यानात आलं की आज खाली जाताना प्रश्न विचारायचा राहिला. पुढच्याच क्षणी, तो विचारणारे आपण कोण, हेही ध्यानात आलं.

कपाटामागचा खांब त्याने पाहिलेला होता. परवाना मिळाला त्याच वर्षी. परवाना हातात आला की पहिले काही महिने माणसाला सगळीकडे खोटच दिसते. मित्राच्या लग्नाच्या हॉलमध्ये तो तुळईला आलेला बाक बघत बसला होता. तर मागच्या खोलीत त्याला खांबावर एक उभी चीर दिसली. तिच्या कडेने तांबूस डाग उतरला होता आणि गिलावा फुगला होता. आतली सळई गंजली की ती फुगते आणि वरचं काँक्रीट ढकलते. हे त्याने नुकतंच पुस्तकात वाचलं होतं, आणि ते आपल्याच घरात पुस्तकासारखं हुबेहूब सापडल्याचा त्याला चक्क आनंद झाला होता. तो धावत वडिलांकडे गेला. वडील दाढी करत होते. ते आरशातच बघत म्हणाले, "कुणाला सांगितलंस?" "कुणालाच नाही." "छान." दुसऱ्या दिवशी गवंडी आला. त्याने फुगवटा ठोकून काढला, आत न बघता नवा गिलावा मारला, आणि तो वाळायच्या आत दोन हमालांनी बाहेरच्या खोलीतलं कपाट आत आणून तिथे लावलं. आई म्हणाली, "इथे कशाला? दार नीट उघडत नाही." वडील म्हणाले, "दिसतं छान." बहीण तेव्हा लग्न होऊन गेलेली होती. सुट्टीला आली तेव्हा तिला कपाटाची नवी जागा आवडली. मग हळूहळू कपाट कायमच तिथे होतं असं सगळ्यांना वाटायला लागलं. त्यालाही. परवान्याची चौकट टांगायला भिंत शोधताना त्याने हीच खोली निवडली, त्यात काही अर्थ होता असं त्याला तेव्हा वाटलं नव्हतं, आणि आता वाटत असलं तरी तो अर्थ कुठला हे त्याला नक्की सांगता आलं नसतं.

दुपारी बहिणीचा फोन आला. "झालं का रे? कोण आलं होतं? काय म्हणाला तुझा बाहेरचा माणूस?" बाई होती, त्याने सांगितलं. चांगलं काम करते. "तू कुणाला चांगलं म्हणालास? थांब, पंचांगात लिहून ठेवते." ती हसली. मग म्हणाली, "ऐक, आईचं कपाट तू घेऊन जाणार नाहीस ना? तुझ्या त्या काडेपेटीत मावायचं पण नाही. राहू दे इथेच. मी माझा पलंग त्याला लावूनच टाकणार आहे, डोकं त्या बाजूला. दार उघडलं की आईच्या साड्यांचा वास येतो अजून. येतो ना?" तो म्हणाला, येतो. त्याने गेल्या कित्येक महिन्यांत ते दार उघडलं नव्हतं. "आकडा काही का येईना," बहीण म्हणाली, "तू म्हणशील तो देते. तुला मी फसवणार आहे थोडीच." फोन ठेवल्यावर तो खुर्चीत बसून राहिला. फसवण्याचं ते वाक्य तिने उलटं वापरलं होतं, ते आपण म्हणायला हवं होतं, असं त्याला वाटलं. मग वाटलं, नाही, बरोबर वापरलं होतं; ती खरंच फसवणार नव्हती.

असं प्रकरण मंडळापुढे आलं असतं तर काय झालं असतं, हे त्याला अगदी स्पष्ट दिसत होतं. लांब टेबल, पंख्याखाली फडफडणारे कागद, आणि टेबलाच्या त्या बाजूला एकटा बसलेला माणूस. असा एक माणूस त्याला आठवत होता. त्याने स्वतःच्या मेहुण्याच्या दुकानाच्या व्यवहारात एक गोष्ट सांगितली नव्हती. "मला कुणी विचारलंच नाही," एवढाच त्याचा बचाव होता, आणि तो इतक्या केविलवाण्या आवाजात होता की बाकीचे सदस्य विरघळले होते. सदस्यांपैकी यानेच तेव्हा कलम वाचून दाखवलं होतं. विचारलं नाही हा बचाव होत नाही. त्या माणसाचा परवाना गेला. पुढे तो कुठल्याशा फर्निचरच्या दुकानात दिसला होता, पलंगांच्या किमती सांगताना, आणि दोघांनी एकमेकांना ओळख दाखवली नव्हती. आता इथे तर विचारलेलं होतं. सरळ, नियमाप्रमाणे विचारलेलं होतं. मग आपण गप्प का राहिलो? सवय, हे एक उत्तर होतं, आणि ते खरं होतं. खोट झाकली की आपल्या हिश्श्याची किंमत वाढते, हे दुसरं उत्तर होतं. ते खोटं आहे असं त्याला मनापासून म्हणावंसं वाटत होतं. त्या क्षणी त्याच्या डोक्यात हिस्सा नव्हता. बहीण नव्हती. खांबसुद्धा नव्हता. तिथे फक्त एक उमेदवार होती आणि ती भिंत शोधते का ते बघायचं होतं. पण हे टेबलाच्या त्या बाजूला बसून सांगितलं असतं तर या बाजूला बसलेल्या त्याने ते ऐकून घेतलं असतं का? त्याने पेन्सिल टेबलावर आडवी ठेवली असती आणि विचारलं असतं, बरं, तो क्षण गेल्यावर?

संध्याकाळी दिवे लागायच्या सुमाराला पुन्हा फोन वाजला. या वेळी मूल्यमापक बाई होती.

"सर, त्रास देते. रिपोर्ट जवळजवळ झालाय. एक वाक्य राहिलंय."

"कुठलं?"

"मालकाने तोंडी दिलेली माहिती. मागच्या खोलीची. मी प्रश्न विचारला होता, त्यावर तुम्ही काय म्हणालात असं लिहू?"

पलीकडे रस्त्याचा आवाज येत होता. कुणीतरी गाडी मागे घेत होतं.

"तुम्हाला काय ऐकू आलं?" त्याने विचारलं.

"तुम्ही म्हणालात, तुम्ही बघताय ना."

"मग तेच लिहा."

"ते उत्तर होत नाही, सर." ती हे उर्मटपणे म्हणाली नाही. तो सांगे तसंच म्हणाली, मापाचा आकडा वाचून दाखवावा तसं. "माहिती आहे, किंवा नाही, किंवा द्यायची नाही. तीनच रकाने आहेत. तुम्हीच केलेत ना ते?"

ते त्यानेच केले होते. जुन्या नमुन्यात मोकळी जागा असे आणि लोक तिथे वाटेल ते लिहीत.

"वर बॅटरी टाकली होती तुम्ही," तो म्हणाला. "कपाटाच्या वर. काय दिसलं?"

गाडीचा आवाज थांबला होता.

"ते माझ्या रकान्यात लिहीन, सर," ती म्हणाली. "मी तुमच्या रकान्याचं विचारते आहे." आणि मग जरा वेगळ्या आवाजात, "घाई नाही. उद्या दुपारपर्यंत सांगा. दुपारी मला दोघांनाही पाठवायचाय. तुम्हाला आणि तुमच्या बहिणीला."

तिला चीर दिसली होती की नव्हती? फोन ठेवल्यावर हे विचारत तो बराच वेळ खिडकीपाशी उभा होता. दिसली असेल तर ती त्याला संधी देत होती. दिसली नसेल तर ती नुसता रकाना भरत होती. दोन्हीचा आवाज एकच होता. तिने आपला आवाज आणि आपला चेहरा कमावला होता, आणि तो कुठे कमावला हे उघड होतं. कोपऱ्यात उभ्या असलेल्या माणसाकडे बघत दोनदा घाम गाळल्यावर तेवढं तर शिकायला मिळणारच. त्याला प्रथमच जाणवलं की त्या चेहऱ्यासमोर उभं राहणं फार वाईट असतं. घर कितीही ओळखीचं असलं तरी पायाखालची फरशी भरीव की पोकळ ते कळत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने दाढी केली, ऑफिसला येणार नाही असं कळवलं आणि मागच्या खोलीत गेला. उजेड चांगला होता. कपाटाच्या वर, छताच्या कोपऱ्यात, केसाएवढी एक रेघ होती. ती गेल्या वर्षी होती का, ते त्याला सांगता आलं नसतं. कोळ्याचं जाळंही असेल. त्याने स्टूल आणलं नाही. त्याने कपाटाचं दार उघडलं. साड्या होत्या, वास नव्हता, किंवा होता तो नुसत्या बंद लाकडाचा. बहिणीला तो येत असावा. आपण तिला येतो म्हणून सांगितलं, त्याला आठवलं. त्याने दार लावलं. मग त्याच्या मनात एक गोष्ट आली. ती इतकी साधी होती की त्याला हसू यायला हवं होतं. गवंड्याने काम केलं तेव्हा तो दारात उभा होता. हमालांनी कपाट आणलं तेव्हा तो बाजूला झाला होता. चीर त्याने पाहिली होती. पण त्या खांबाला त्याने कधी हात लावला नव्हता. इतक्या वर्षांत एकदाही नाही. आतली सळई किती खाल्ली गेलीय, खांब किती उरलाय, की गवंड्याच्या गिलाव्याखाली सगळं ठणठणीत आहे आणि आपण एका जुन्या डागाला घाबरतोय, यातलं त्याला काहीच ठाऊक नव्हतं. मालकाला माहिती आहे? प्रामाणिक उत्तर कुठल्या रकान्यात जातं?

त्याने कपाटाला खांदा लावला. ते हललं नाही. त्याने पाय भिंतीला टेकवून पुन्हा रेटलं. कुठेतरी लाकूड कुरकुरलं आणि कपाट हललंच असेल तर थोडंसं हललं. कपाट आणि भिंत यांच्यामध्ये अंधाराची एक पट्टी होती. त्याने शर्टाची बाही वर सरकवली आणि हात आत घातला. मनगट गेलं. जाळी लागली, मग कपाटाच्या पाठीचं खरखरीत लाकूड, मग खाली पडून राहिलेलं काहीतरी कापडी. हात पुढे सरकत होता.

तेवढ्यात बाहेरच्या खोलीत फोन वाजायला लागला. बहिणीचा होता की त्या बाईचा, हे इथून कळायला मार्ग नव्हता. बारा वाजायचे होते. हात कोपरापर्यंत आत गेला होता, आणि खांब अजून लागला नव्हता.